घरची शाळा: लहान लेकरांसाठी शिकायचं सामान कुठून जमवायचं?

हिवरखेडात आजचा हा विषय ठरला, तेव्हापासून दोन प्रकारचे आईबाप आमच्याशी येऊन बोलले. पहिले म्हणाले, शाळेत मन रमत नाही, फोनवर पुण्या-मुंबईची कुटुंबं पाहिली, ती लेकरांना घरीच शिकवतात. आम्हीही तसं करावं म्हणतो. दुसरे म्हणाले, पोरगं रोज शाळेत जातं, पण तिसरीत येऊनही धड वाचत नाही. घरी काय करावं? दोघांचा पुढचा प्रश्न मात्र एकच होता. सामान कोणतं घ्यायचं आणि किती पैसे लागतील? एकानं तर फोनवरची जाहिरात दाखवली. रंगीत पेटी, आत ठोकळे, कार्डं, चित्रं, आणि किंमत पाहून आम्हीच गप्प झालो.

आज आपण या प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत. सहा ते नऊ वर्षांच्या, म्हणजे पहिली ते चौथीच्या लेकरांपुरतंच बोलू. तिसऱ्या प्रकारचे आईबापही गावात आहेत. ते विचारायला आले नाहीत. त्यांच्याबद्दल शेवटी बोलू, कारण खरी काळजी तिथंच आहे.

आधी कायद्याचं बोलून घेऊ

शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यानं दिला, आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे आईबापाचं कर्तव्य आहे असंही सांगितलं. घरी शिकवण्याला त्यात नाव घेऊन परवानगी दिलेली नाही. घरी शिकवणाऱ्या आईबापाला शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणून शाळेतून नाव काढायचं असेल तर घाई करू नका. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक मोठी सोय आहे: शाळेबाहेर राहिलेलं मूल परत आलं, तर त्याला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळतो, आणि मागं राहिलेलं भरून काढायला खास शिकवणीही मिळते. दार बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. पुढं परीक्षेचा कागद लागला, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची परीक्षा असते. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी-आठवीची सोय आहे.

आमचं मत विचाराल तर या वयात शाळा आणि घर दोन्ही हवं. शाळेत सोबती मिळतात, दुपारचं जेवण मिळतं, भांडण आणि समेट शिकायला मिळतं. घरातून ते सगळं देता येत नाही. आपल्याकडे मात्र घराला एक मोठी पाळी येतेच. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. एवढ्या सुट्टीत नुकतंच वाचायला लागलेलं लेकरू अक्षरं विसरतं. म्हणजे नाव शाळेत असो वा नसो, उन्हाळ्यात आपण सगळेच घरी शिकवणारे.

पेटी विकत घेण्याआधी

हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीतच राहिल्या होत्या. पुढं त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचं महागडं सामान तेव्हाही होतं. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गरिबांची लेकरं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द त्यातून आला. तिथं विकतची पेटी नव्हती. शिंपले, बिया, पानं, फुलं, माती, काड्या, हेच सामान. पुढं कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं कुरणात, तर शाळाही कुरणात.

आपण यातून काय घ्यायचं? महाग पेटीतले ठोकळे जे काम करतात, ते आधी समजून घ्यायचं. मग तेच काम घरातली कोणती वस्तू करेल, ते पाहायचं. काम न समजता सामान आणलं, तर महागडी पेटीही आठ दिवसांत पलंगाखाली जाते.

गणिताचं सामान: तुराटी आणि सुतळी

पहिलं काम संख्येचं. मराठीत एक अडचण आहे, ती पुष्कळ आईबापांच्या लक्षात येत नाही. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. म्हणून पोरगं ५२ लिहितं आणि आपण त्याच्यावर ओरडतो. चूक त्याची नसते, ते ऐकल्याप्रमाणे लिहितं. त्यात ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी! तीस अजून आलेच नाहीत, तर त्याला एक कमी कसं कळणार? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायची जोडवाट दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. तेलुगूत, कन्नडात संख्या आधी दशक, मग एकक अशाच बोलतात. तुम्ही घरी जुनंच म्हणा, हरकत नाही. पण लेकराला दोन्ही वाटा दाखवा. ‘पंचवीस, म्हणजे दोन दहा आणि पाच.’

यासाठी सामान काय? तुराटीच्या बारीक, सारख्या लांबीच्या शंभर काड्या. टोकं घासून घ्या, टोचायला नको. दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधा. पंचवीस मागितले की दोन जुड्या आणि पाच सुट्या. एकोणतीस मागितले की दोन जुड्या, नऊ सुट्या, आणि अजून एक काडी आली की तिसरी जुडी बांधायची. ती काडी हातात धरून पोरगं स्वतःच म्हणतं, एकच कमी होती की! वजाबाकीत हातचा घेणं म्हणजे जुडी सोडणं. बेचाळीसमधून सतरा काढायचे, तर चार जुड्या आणि दोन सुट्या. दोनांतून सात निघत नाहीत. एक जुडी सोडा, बारा सुट्या झाल्या, आता सात काढा, पाच उरल्या. उरलेल्या तीन जुड्यांतून एक काढा. उत्तर पंचवीस. ‘हातचा’ हा शब्द नंतर सांगा, आधी सुतळी सुटू द्या.

मोजायला तूर, हरभरा, चिंचोके चालतात. इथं मात्र काळजी घ्या. पेरणीच्या पाकिटातली रंगीत सरकी कधीच नाही. तिला औषध लावलेलं असतं. गुंजा दिसायला फार छान, पण विषारी. एरंडी आणि धोतऱ्याचं बीही नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊनही खेळात आणायचा नाही. धाकटं भावंडं जवळ असेल तर दाणे नाका-कानात जातात, तेव्हा मोठे चिंचोके बरे, आणि कोणीतरी मोठं माणूस जवळ बसलेलं हवं.

तिसरी-चौथीच्या लेकराला वेचणीचा हिशेब द्या. समजा भाव आठ रुपये किलो. आईनं अडतीस किलो कापूस वेचला, शेजारच्या काकूनं पंचेचाळीस. कोणाला किती मिळाले? आईचे तीनशे चार, काकूचे तीनशे साठ, फरक छप्पन्न. आठाचा पाढा पाठ आहे का, याची परीक्षा आपोआप होते. आणखी एक गोष्ट होते. आपली आई दिवसभर काय करते, ते लेकराला आकड्यात कळतं. हिशेब खरा करायला द्या, म्हणजे चुकला की कोणीतरी घरात दुरुस्त करतं.

वाचायचं सामान: आधी बोली, मग पुस्तक

दुसरं काम वाचनाचं. आपलं लेकरू घरी म्हणतं, ‘मले पानी दे.’ पुस्तकात लिहिलंय, ‘मला पाणी दे.’ त्यानं ‘मले’ वाचलं तर हसू नका. त्याला अर्थ कळलाय, म्हणून तर त्यानं आपला शब्द घातला. तिकडं सातपुड्यात मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या लेकरांची वाट याहून लांब आहे. त्यांना भाषाच दुसरी. म्हणून पहिलं पुस्तक घरात तयार करा. आजीला गोष्ट सांगायला लावा, वऱ्हाडीतच. कोणीतरी ती जशीच्या तशी लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, एका पानावर दोन ओळी. चित्र लेकरानं काढायचं. जुन्या वहीची कोरी पानं सुई-दोऱ्यानं शिवली की पुस्तक झालं. गोष्ट माहीत असल्यामुळे अक्षर अंदाजानं ओळखता येतं, आणि अंदाज बरोबर आला की धीर येतो. पुढं तीच गोष्ट पुस्तकी मराठीत लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एक घरची, एक शाळेची, दोन्ही आपल्याच.

अक्षरं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमानंच शिकवली पाहिजेत असं नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून शिकवायची पद्धत बसवली. थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा आली की लगेच शब्द करायचे. आपणही करू शकतो. क, म, ल, न, र आणि काना घ्या. कमल, नमन, काका, मामा, कान, नाक, माल, काम, राम. पाच अक्षरांत आणि एका कान्यात किती शब्द झाले बघा! लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूची चौकोनी कार्डं कापा. एका कार्डावर एक अक्षर. पैसे शून्य.

छापील पुस्तकं, फुकट किंवा जवळपास फुकट

पहिलं, बालभारतीची पुस्तकं. हे मंडळ १९६७ सालचं. सगळ्या इयत्तांची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार निघत आलंय, म्हणजे अकोला जिल्ह्याचं वेगळं, अमरावतीचं वेगळं. आपण अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. पण पाहुणे-रावळे अमरावतीकडचे. दोन्ही आणा आणि नकाशे शेजारी ठेवा. मामाचं गाव कोणत्या नकाशात येतं?

दुसरं, ‘किशोर’ मासिक. बालभारतीच १९७१ पासून ते काढते. जुने अंक फुकट वाचायला ठेवलेले आहेत. चौथीचं लेकरू स्वतः वाचेल, पहिलीच्या लेकराला तुम्ही वाचून दाखवा.

तिसरं, गावचं ग्रंथालय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे, आणि मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. तुमच्या जवळच्या ग्रंथालयात जाऊन विचारा: लहान मुलांची पुस्तकं कोणती आहेत, आणि ती कपाटात कुलपात का आहेत? मागणी असेल तर पुस्तकं बाहेर येतात.

फोनमधलं सामान

फोन वाईटच असं आम्ही म्हणत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्याकडे चांगला फोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ कार्यक्रम लागला होता. त्या दिवसांत एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली. पडदा पाहणारं लेकरू आणि पडद्यावर पाहिलेलं हातानं करून बघणारं लेकरू, यांत फार फरक पडतो.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. पहिल्या पातळीत पानावर थोडेसेच शब्द असतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि मराठीसह कितीतरी भाषांतली पुस्तकं आहेत. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा त्यांचा खेळ करून बघा. आगकाड्यांचं गूल आधी काढून टाका. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरपा होतो. मग लेकराला जिनिंगच्या किंवा गोदामाच्या टिनाच्या छताखाली उभं करा आणि वर बघायला सांगा. कैचीत त्रिकोणच का आहेत, ते त्याचं तेच सांगेल. बालभारतीच्या पुस्तकांवरचे चौकोनी कोड ‘दीक्षा’ ॲपमधून उघडतात, तेही पाहा.

आमचा नियम एक आहे. आठवड्यातून एकदा मोठ्या माणसानं नेटवरून गोष्टी उतरवून घ्यायच्या, नेट बंद करायचं, मग फोन लेकराच्या हातात द्यायचा. दोन गोष्टी वाचल्या की फोन परत.

बशीतलं मीठ

परिसराचं सामान तर दाराशी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. उन्हाळ्यात दोन सारख्या बश्या घ्या. एकीत वान धरणाचं नळाचं पाणी, दुसरीत दक्षिणेकडच्या पाहुण्यांच्या गावातून आणलेलं बोअरचं पाणी. दोन्हीत मोजून चार-चार चमचे. उन्हात ठेवा, वर जाळी झाका. पाणी उडालं की बशीत पांढरं काय उरतं, कुठं जास्त उरतं, ते लेकरानं वहीत लिहायचं. आधी अंदाज लिहायचा, मग निकाल. विज्ञान इथूनच सुरू होतं.

पानमळ्यात, पानपिंपळीच्या वाफ्यात, केळीच्या बागेत जा. मालकाला विचारून जा. लेकरानं तीन प्रश्न घरून लिहून न्यायचे आणि उत्तरं लिहून आणायची. लोहार, सुतार, टपाल कचेरी, बाजारातला काटा, जुनं मीटरगेज रेल्वेचं स्टेशन आठवणारे आजोबा, ही सगळी आपली पुस्तकंच आहेत. ती विकत मिळत नाहीत आणि पुण्याच्या पेटीतही नसतात.

जमलं का, हे कसं ओळखायचं?

प्रथम संस्था २००५ पासून ‘असर’ची पाहणी करते. ती शाळेत नाही, घरी जाऊन होते. तिची तपासणीची पानं मराठीतही आहेत. एकाच कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. दर तीन महिन्यांनी तसला कागद लेकरासमोर ठेवा आणि कुठपर्यंत वाचतं ते तारखेसह लिहा. शेजारच्या पोराशी तुलना नाही, त्याच्याच मागच्या तारखेशी तुलना.

आईबापांना स्वतःला वाचता येत नसेल तर? तरीही जमतं. रोज दहा मिनिटं शेजारी बसा, बोट ओळीखाली ठेवायला सांगा आणि ऐका. गोष्ट संपली की विचारा, ‘मंग काय झालं?’ सांगता आलं तर त्यानं समजून वाचलं. अडखळत राहिलं तर गुरुजींना किंवा बाईंना जाऊन तेवढंच सांगा.

आता ते तिसरे आईबाप

सुरुवातीला म्हटलं होतं, तिसऱ्या प्रकारचे आईबाप विचारायला आले नाहीत. कापूस फुटला की काही घरांतली पोरगी शाळेत दिसत नाही. धाकट्याला सांभाळायला, स्वयंपाकाला किंवा वेचायला घरी राहते. विचारलं तर हल्ली उत्तर मिळतं, ‘घरीच शिकते ना!’ मंडळी, आज आम्ही जे सांगितलं त्याचा असा उपयोग होणार असेल, तर आम्ही हे बोललोच नसतो तर बरं झालं असतं. घरी शिकणं म्हणजे रोज ठरलेली वेळ, शेजारी बसलेलं माणूस, आणि तारखेसह वही. या तीन गोष्टी नसतील तर ते घरी ठेवणं आहे, शिकवणं नाही.

त्या पोरीला दोष देऊन उपयोग नाही, आणि तिच्या आईलाही नाही. धाकटं अंगणवाडीत गेलं तर थोरली शाळेत जाते, हा हिशेब साधा आहे. वेचणीच्या दिवसांत आपल्या गल्लीतली दोन-तीन घरं मिळून संध्याकाळी एका ओट्यावर लेकरांना बसवू शकतात. काड्यांच्या जुड्या, अक्षरांची कार्डं, शिवलेली पुस्तकं एका पिशवीत ठेवा. पिशवी आज या घरी, उद्या त्या घरी. ताराबाईंची बालवाडी अंगणात गेली होती, आपली पिशवी ओट्यावर जाईल.

येत्या रविवारी एवढंच करा. शंभर काड्या तोडा, आजीची एक गोष्ट लिहून घ्या, आणि आपल्या गल्लीत कोणतं लेकरू शाळेत दिसत नाही ते बघून या. पिशवीची पहिली पाळी त्याच्या घरी.